कूलरमागचा बोळ

लाइट असली की जनरेटरवाल्याला काळं कुत्रं विचारत नाही. लाइट गेली की मात्र डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर, नवरदेवाचा बाप, सगळे दुकानाच्या पायरीवर हजर, आणि सगळ्यांचं बोलणं एकच: "शब्बीरभाई, छोटंसंच काम हाये, जरा पाह्यजा." या 'छोटंसंच'ची मला आयुष्यभर चीड आली. छोटं होतं तर घरीच का नाही केलं बापा?

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं दुकान होतं. आता तिथं माझी मुलगी इन्व्हर्टर विकते. त्या धंद्याला आवाज नाही, धूर नाही, मला विचाराल तर मजाही नाही. पण संपादकांनी जनरेटरवर लिहा म्हटलं, तेव्हा मीच हसलो. म्हटलं, दिवाळीच्या अंकात रॉकेलचा वास कोणाला पाहिजे? ते म्हणाले, लोडशेडिंगची वर्षं लोक विसरून चालले. हे मात्र खरं आहे.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडात वाईट होती. कापसाचं गणित बसेना, त्यामुळं गावागावातली दुकानं एकामागून एक बसली. आणि बसलेल्या दुकानातली मशिनं माझ्याकडं येऊन उभी राहिली. परतवाड्याच्या रसवंतीचं मशीन, दर्यापूरकडच्या फोटो स्टुडिओचं, वरूडच्या संत्र्याच्या पॅकिंग शेडमधलं. हातानं उचलता येईल असं लहान जनरेटर, रश्शी ओढून सुरू करायचं. मी ते उघडायचो, साफ करायचो, घरगुती गिऱ्हाइकाला विकायचो. पंखा, दोन बल्ब, एक कूलर, एवढं ओढायची त्याची ताकद.

सेकंडहँड मशीन एकटं येत नाही, जुना मालक थोडा त्याच्यासोबत येतो. रश्शी कोणत्या बाजूनं झिजली ते पाहून मी सांगायचो की पहिला मालक डावखुरा होता. टाकीवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू वाळून बसलेलं असायचं. अमरावतीचे माझे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते म्हणायचे, तेल बदल, प्लग बदल, रश्शी बदल, पण कुंकू खरवडू नको. उस्तादही मुसलमान, मीही मुसलमान. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "काहून पुसलं नाई हे?" मी म्हणायचो, ते ऑइल थोडंच आहे पुसायला. सगळं दुकान बंद झालं की त्या कुंकवाच्या मशिनांची रांग भिंतीशी उभी दिसायची, आणि खोटं कशाला बोलू, मी तिकडं पाठ करून कधी कुलूप लावलं नाही.

आमचं शास्त्र साधं आहे. मशीन पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं, बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी रश्शी ओढता ओढता खांदा उतरतो. दुसरं, घराची मेन लाइन तोडल्याशिवाय जनरेटर जोडायचं नाही. मूर्तिजापूरच्या एका कापडवाल्यानं दोन्हीकडं पिना लावलेली वायर करून सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसली होती. त्याचा करंट उलटा खांबावर गेला. लाइन बंद आहे म्हणून लाइनमन निवांत वर चढलेला. वाचला बिचारा, पण मला म्हणाला, "शब्बीरभाई, मेलेल्या तारेनं हात धरला माह्या." तो हे हसत सांगत होता, आणि मला काही हसू येईना.

तिसरी गोष्ट हवेची. मशीन मोकळ्यावर ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगायचो, आणि प्रत्येकजण मान हलवायचा. आता मला जे सांगायचं आहे ते या मान हलवण्याबद्दल आहे.

गंगाधरकाका भिक्षुकी करत. लग्न, सत्यनारायण, श्राद्ध, सगळं. जुन्या शहरात त्यांचं लहानसं घर. एका एप्रिलच्या मध्याला ते दुकानात आले आणि भावताव न करता म्हणाले, कूलर ओढेल असं मशीन द्या. भावताव न करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला भीती वाटते. मी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का?

"नाही," ते म्हणाले. "आता कोणी नाही."

मग त्यांनीच सांगितलं. एकुलता मुलगा अनंता, बियाण्यांच्या ऑर्डरी घेत मोटरसायकलवर गावोगाव फिरायचा. गेल्या मे महिन्यात दुपारी घरी आला, ऊन लागलेलं होतं. लोडशेडिंग चालू, कूलर बंद. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. "त्या घडीला कूलर चालू असता तर," एवढं म्हणून काका थांबले. मग म्हणाले, "माझ्या घरातला कूलर आता बंद पडायचा नाही, शब्बीरभाई."

एका बंद पडलेल्या कृषी केंद्राचं मशीन मी त्यांना दिलं. चांगलं होतं. मोकळ्यावर ठेवा म्हणून सांगितलं. काकांनी मान हलवली.

पंधरवडा झाला नसेल, मशीन ठेल्यावर घालून काका परत आले. म्हणे, सुरू होतं, पण थोड्या वेळानं आवाज बसतो, मग गचके देऊन बंद पडतं. मी प्लग काढला. काळाकुट्ट, बोटाला काजळी लागेल असा. साफ केला, कार्बोरेटर धुतला, दुकानासमोर लावून दिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीन गाईसारखं चाललं. काका घेऊन गेले, चार दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा काळा प्लग. पुन्हा माझ्याकडं दिवसभर ठणठणीत.

मला राग आला. मशीनचा नाही, स्वतःचा. दुकानात चालतं आणि घरी मरतं असं मशीन मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, काका, तुमच्या घरीच येतो, मला ते मरताना पाहू द्या.

अकोल्यात मे महिन्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसला तर लोक खिडकीतून पाहतात, हा आपल्या पायानं चालतो आहे की दुसरं कोणी याला चालवतं आहे. सगळी दारं बंद, गल्लीत पाखरू नाही, नळाच्या तोटीवर चोच वासून एक कावळा. लोक रात्रीला भितात. आमच्याकडं भ्यायची वेळ ही आहे, पण उन्हाच्या तिरमिरीत भ्यायचं सुचत नाही.

काका ओसरीवर माळ घेऊन बसले होते. मला आत जायला सांगितलं, स्वतः उठले नाहीत. मशीन कुठं आहे विचारलं तर म्हणाले, मागच्या बोळात, गजाच्या दाराआड, कुलपात. चालू करून आलो आहे. तुम्ही कूलरपाशी बसून पाहा, कसं बंद पडतं ते.

आतली खोली थंडगार होती. झळ येऊ नये म्हणून दार-खिडक्या बंद केलेल्या. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा गोड वास सगळीकडं भरलेला. काकू कूलरसमोर पाटावर बसल्या होत्या, तोंड दाराकडं. एवढ्या दुःखातली बाई, पण गाल तरण्या पोरीसारखे लाल. मला ते पाहून बरं वाटलं नाही, पण का ते समजलं नाही. मी मीटर काढला आणि भिंतीशी टेकून बसलो.

"मशीन खराब नाई हाये, भाऊ," काकू हळूच म्हणाल्या. "तो आला की मशीन बसते."

"कोन?"

"अनंता."

मी मीटरच्या वायरी सोडवू लागलो. अशा वेळी मिस्त्रीनं काय बोलावं?

"पयले दिवशी फाटकाची कडी वाजली," त्या सांगू लागल्या, शेजारणीला भाजीचं सांगावं तशा. "मंग दोन दिवसांनं नळापर्यंत आला, पाय धुतले. मंग ओसरीवर. काल उंबऱ्यापाशी येऊन उभा राह्यला. आत नाई येत. रोज थोडा जवळ येते. आज येईन आत."

"काकाले आयकू येते?"

"ते बाहेर बसतात. त्याइले नाई येत."

मी मीटरकडं पाहत बसलो. करंट ठीक होता. कपाळाभोवती कोणी पट्टा आवळतंय असं वाटू लागलं, म्हटलं उन्हातून आलो म्हणून. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग मागचा आवाज बसला. चांगला घणघणीत चाललेला आवाज जड झाला, एखाद्यानं वरून हात दाबावा तसा. कूलरचा पंखा मंदावला, देवापुढचा बल्ब पिवळा पडला.

आणि फाटकाची कडी वाजली.

मी ती ऐकली. काकूंनी सांगितलं म्हणून ऐकू आली म्हणा, पण ऐकली. मग नळाला पाणी सुटलं, पायावर पाय चोळून धुतात तसा आवाज. मग ओसरीवर पावलं. मग ओसरीच्या कोपऱ्यात मातीच्या भांड्यावरून मातीचं झाकण काढल्याचा आवाज, आणि कोणी तरी वरून घटाघटा पाणी प्यायलं. झाकण पुन्हा ठेवलं गेलं. पावलं उंबऱ्याशी आली आणि थांबली. बंद दाराच्या पलीकडं कोणी श्वास घेत उभं होतं.

मी काकूंकडं पाहिलं. त्यांचं तोंड अर्धं उघडलं होतं, काहीतरी म्हणायचं होतं. डोळे झाकत चालले होते.

मी उठलो तर पाय माझे नव्हते. भिंत धरून दारापर्यंत गेलो, कडी ओढली आणि ओसरीवर पडलो. भडभडून उलटी झाली. काका धावत आले.

"कोन आलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही," काका म्हणाले. "मी इथंच आहे की." नळ कोरडा ठणठणीत होता. त्याखालची माती तडकलेली.

मागं मशीन गचके देऊन बंद पडलं. त्या शांततेत माझं डोकं एकदम चाललं. मी पुन्हा आत घुसलो, काकूंना हाताला धरून, सोवळं-ओवळं गेलं चुलीत, फरफटत बाहेर आणलं. काकांना म्हटलं रिक्षा बोलवा. काकूंना दवाखान्यात ऑक्सिजन लावला तेव्हा कुठं त्या धड बोलू लागल्या.

संध्याकाळी मी त्या बोळात गेलो. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला चिंचोळा बोळ. काकांना तो मोकळा वाटला होता, आणि खरंच होता, पण मशीनला ऊन लागू नये म्हणून त्यांनी वरून टिनपत्रा टाकून घेतला. चोरी होऊ नये म्हणून पुढं दार, त्याला पोतं बांधलेलं. धूर जायला जागा एकच उरली, कूलर. कूलरची पाठ त्याच बोळात उघडत होती. बाहेरची हवा ओढायची आणि आत फेकायची, हे कूलरचं कामच. मशीनचा सगळा धूर तो इमानदारीनं ओढून, ओल्या वाळ्यातून गाळून, थंड करून काकूंच्या अंगावर सोडत होता. काकूंना रॉकेलचा वास सोसत नाही म्हणून काका मशीन फक्त पेट्रोलवर चालवत. जो थोडा वास उरला तो वाळ्याच्या वासात बुडाला. त्या धुरातला जो जीव घेणारा गॅस असतो, त्याला तसाही वास नसतो, रंग नसतो. माणसाचे गाल लाल होतात, डोकं जड होऊन तो झोपतो, उठत नाही. झोपायच्या आधी काय काय ऐकतो, ते ज्याचं त्याला माहीत.

मशीनचंही तेच झालं होतं. स्वतःचाच धूर गिळून त्याचा दम घुटायचा, म्हणून आवाज बसायचा, म्हणून प्लग काळा. माझ्या दुकानासमोर हवा होती. वाळ्याच्या ताटीखाली दोन चिमण्या मरून पडल्या होत्या, पाणी प्यायला आलेल्या.

हे सगळं मी दवाखान्याच्या बाकावर काकांना सांगितलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.  काकांनी विचारलं, "म्हणजे तो येत नव्हता?"

"नाई काका."

"नक्की?"

"गॅस होता, काका."

काकांनी उपरणं तोंडाला लावलं आणि रडले. मला वाटलं, बायको वाचली म्हणून. पण ते म्हणाले, "त्याचं सगळं मी माझ्या हातानं केलं, शब्बीरभाई. एक मंत्र गाळला नाही, एक पिंड चुकू दिला नाही. तरी ही म्हणे तो येतो. ते ऐकल्यापासून लोकांच्या घरी श्राद्धं करून राहिलो आणि प्रत्येक वेळी मनात येई, आपल्या हातात काही राहिलं नाही. पोरगं अडकलंय आणि आपण दुसऱ्यांच्या बापांना वाट दाखवतोय." ते मोकळं रडले. त्यांचा मुलगा त्या संध्याकाळी खरा गेला, नीट गेला, असं मला दिसलं. मलाही बरं वाटलं.

उठता उठता मी सहज विचारलं, "काका, ओसरीत माठ कुठं ठेवता तुमी?"

"नाही आता. कोपऱ्यात तिवई आहे ना, तिच्यावर असायचा. अनंता गेला त्याच दिवशी हिनं फोडून टाकला."

मी त्यांना काही सांगितलं नाही. आत जाताना ती तिवई मी पाहिलीही नव्हती. नंतर दोन डॉक्टरांना विचारलं, दोघंही म्हणाले, त्या गॅसनं माणसाला काहीही ऐकू येतं. येत असेल. मी मशीनचा माणूस आहे, मला पटतं. फक्त माठ कोणत्या कोपऱ्यात होता ते गॅसला कोणी सांगितलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आठवडाभरानं मी मशीन हलवायला गेलो. ते गच्चीवर मोकळ्या हवेत न्यायचं ठरलं होतं. काका वास्तुशांतीसाठी अमरावतीला गेलेले. काकू घरी आल्या होत्या. गालाची ती लाली गेली होती, चेहरा राखेसारखा. मी बोळातल्या पत्र्याचे नट खोलायला घेतले, तर मागं येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, ते मशीन राहू द्या तिथंच."

"काकू, जीव जाईन."

"मले मालूम हाये. डॉक्टरनं सांगतलं." मग म्हणाल्या, "रोज नको. एकच दुपार. तुमी बाहेर उभे राहा. मी आवाज देल्ला की दार उघडजा."

मला संताप आला. पाना आपटला मी. "आवाज द्याले तुमी राहसान का? काकाले काय सांगू मी? एक गेला, आता दुसरं मी माह्या मशीननं नेलं म्हणून सांगू? तो येत नोता काकू, धूर होता तो, धूर!"

त्या रागावल्या नाहीत. भिंतीला हात टेकून बोलल्या, आणि हे काकांनाही माहीत नव्हतं.

"त्या दिवशी कुळाचाराचा सैपाक होता. मी सोवळ्यात, चुलीपाशी. तो उन्हातून आला, उंबऱ्याशी उभा राह्यला. म्हणे, आई, डोकं गरगरून राह्यलं. मी वळून नाई पाह्यलं. म्हणलं, शिवू नको मले. पाय धू, पानी पी, अन् बाहेर ओसरीवरच बस, नैवेद्य होऊ दे. आयकनारं लेकरू होतं. पाय धुतले. पानी पेला. बसला. मी नैवेद्य दाखवून बाहेर आली, तं मान कलली होती."

मी आपटलेला पाना उचलला.

"रोज तेच करते तो, भाऊ. मी सांगतलं तेवढंच. पाय धुते, पानी पेते, अन् उंबऱ्याशी येऊन थांबते. त्याले कोनी आत ये म्हनलंच नाई. मले एकडाव म्हनाचं हाये. बस, तेवढंच. मंग तुमी घेऊन जा तुमचं मशीन."

  मी पत्रा उतरवला, मशीन उचललं आणि गच्चीवर नेलं नाही. सरळ ठेल्यावर ठेवलं, रश्शीनं आवळलं. काकांना मी नंतर इन्व्हर्टर बसवून दिला. त्या घरात ते मशीन पुन्हा नको होतं मला, मोकळ्या हवेतसुद्धा नको.

 मी ठेला वळवत होतो तेव्हा त्या दारातून बाहेर आल्या. त्यांची ओसरी पश्चिमेकडची, दुपार कलली की ऊन थेट उंबऱ्यापर्यंत येतं. त्या उंबरा ओलांडून अलीकडं आल्या आणि तिथंच, दाराला लागून, शहाबादी फरशीवर बसल्या. मला वाटलं, आता रडतील, आपल्याला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बसताना त्यांनी हात टेकला आणि चटका बसून झटकन उचलला. मग तो तळवा पुन्हा हळूहळू फरशीवर ठेवला आणि दाबून धरला.

"एवढी तापते इथं?" त्या म्हणाल्या. मला नाही, कोणालाच नाही. "मले मालूमच नोतं."